कुणाची नागूबाई

मेहकरात जन्म घ्यायचा असेल तर तो एक जूनला घ्यावा लागतो. तशी सक्ती कुणी केलेली नाही. पण शाळेत नाव घालायला पोरगं आणलं की मुख्याध्यापक त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचे. लागला की वय ठरलं आणि तारीख एक जून. बीदरकडच्या भालकी तालुक्यातलं हे गाव वर्षभर गप्प बसून एकाच दिवशी सगळी बाळंतपणं उरकतं, असं कागदपत्रांवरून कुणालाही वाटावं. ज्या बायका शाळेत गेल्याच नाहीत त्यांची सोय वेगळी होती. त्यांना जन्म विचारला की त्या म्हणायच्या, "रझाकाराच्या साली." विचारणारा आपणच एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस लिहायचा आणि पुढच्या बाईला हाक मारायचा. पुढची बाईही रझाकाराच्याच सालची निघायची.

अंबिका मेत्रे याच गावची. तिच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बापानं, काशाप्पानं, ती विकून चार एकर केलं, आणि अंबिकेनं बीदरला इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरी धरली. मंदी आली तेव्हा कंपनीनं तिला पेढे वाटून घेतलं होतं तसंच मेल वाटून काढून टाकलं. ती बीदरला परतली, नौबादला पंक्चरच्या दुकानावरची खोली घेतली, सकाळी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली आणि उरलेला सगळा वेळ 'निगा'ला देऊ लागली.

निगा हे दवाखाना चालवायचं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स, म्हणजे गावजेवणासारखा प्रकार. चूल उघड्यावर, कुणीही यावं, भाजी चिरावी, मीठ टाकावं, पोटभर जेवावं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून बिनपगारी यात भर घालायची. मुळात ते सुरू केलं हुलसूरच्या धनराज बिरादारनं. हा आडत दुकानदाराचा मुलगा आता डब्लिनला असायचा. गावजेवणात स्वयंपाक करायला हौसेनं दहाजण पुढं येतात. पण हे वाढण्याजोगं झालंय का, हे चाखून सांगायला कुणी तयार नसतं, कारण पोटं बिघडली की पहिलं नाव त्याचं. ते काम अंबिकेकडं आलं. क्वालिटी लीड. तिच्या हाताखाली नैरोबीच्या एक निवृत्त बाई होत्या, मनिलाचा एक विद्यार्थी होता आणि एक गृहस्थ असे होते की ते नेमके कुठं राहतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चुका सुंदर काढायचे. अंबिकेनं 'हो' म्हटल्याशिवाय निगाची नवी आवृत्ती जगात जायची नाही.

माय एकदा म्हणाली होती, "म्हंजे करतीस काय गं नेमकं?"

"दुसऱ्यांच्या चुका काढती."

"पगार?"

"न्हाई."

"मग शिकवलं कामून तुला एवढं? तुझी आत्या न शिकताच करती की हे."

सॉफ्टवेअर तपासायला खोटे रुग्ण लागतात. त्यासाठी अंबिकेनं एक गाव वसवलं होतं. नाव नमुनापूर. पहिल्या खेपेला तिनं ते आठवणीतनं वसवलं, म्हणजे मेहकरच उचलून ठेवलं: अर्धं गाव मेत्रे, गल्लोगल्ली नागूबाया, आणि सगळ्यांचा जन्म एक जून. नैरोबीच्या बाईंनी लगेच कळवलं, तुमची माहिती बिघडलेली दिसते, सगळे एकाच दिवशी जन्मलेत. खुल्या जागेत लिहिलेलं ते, साऱ्यांनी वाचलेलं. अंबिकेचे कान तापले. गाव असंच आहे, हे तिला लिहिता आलं असतं. तिनं माफी मागितली आणि एका बैठकीत नमुनापूर सुधारून टाकलं. कुणाला फेब्रुवारी दिला, कुणाला दिवाळीच्या सुमाराचा नोव्हेंबर, कुणालाही दुसऱ्यासारखं आडनाव नाही, प्रत्येकाला मोबाइल. इतकं नेटकं गाव कर्नाटकात सोडाच, डब्लिनजवळही नसेल. धनराजनं कौतुक केलं. वास्तविक त्याच्याही पासपोर्टवर एक जूनच होता, आणि दर एक जूनला ऑफिसातली माणसं केक आणायची आणि तो मेणबत्त्या विझवायचा. पण तोही त्या दिवशी काही बोलला नाही.

पुढं धनराजनं एक नवी सोय केली. एकच माणूस चुकून दोनदा नोंदला गेला, तर निगा त्या दोन नोंदी आपोआप एक करणार. नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख सगळं जुळलं, तर माणूस तोच. नमुनापुरात ही सोय झकास चालली. अंबिकेनं 'हो' म्हटलं.

नवी आवृत्ती सगळीकडं जाण्याआधी कुठंतरी खरीखुरी चालवून बघायची असते. त्यासाठी भालकीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं होकार दिला. उद्घाटनाला अंबिकेनं भाषण केलं. चिटणीस हणमंतराव हार घालून बसलेले, समोर अख्खा स्टाफ. ती म्हणाली, "आता औषध देताना कुणाला काही विचारत बसायची गरज नाही. स्क्रीनला सगळं माहीत असतं." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या औषधाच्या खिडकीवरच्या नरसिंगनं वाजवल्या, कारण विचारत बसायचा त्याला मनापासून कंटाळा होता.

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी मायचा फोन आला. "मोठीमायला बीदरच्या दवाखान्यात न्यायलेत. उठना झाली. तू जवळ हाईस, जा बरं पळत."

मोठीमाय म्हणजे भीमण्णाची नागूबाई. भीमण्णा अंबिकेच्या वडिलांचा थोरला चुलतभाऊ, आणि अंबिकेची माय म्हणजे काशाप्पाची नागूबाई. गावात नागूबाई असं नुसतं कुणी म्हणतच नसे. "कुणाची?" हे आधी विचारायचं, मग पुढचं बोलायचं. माय खुरपायला जायची तेव्हा अंबिका मोठीमायच्या कडेवर असायची. तिच्या डोक्यात उवा आहेत की नाहीत हा मोठीमायच्या दृष्टीनं गावचा मुख्य प्रश्न होता.

सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर भीमण्णा धोतराचा सोगा हातात धरून बसले होते. "उपासाची झोपली म्हटलं, झोपू द्या. दुपारी चहाला उठवाय गेलो तर घाम सुटलेला आन् काय बोलंनाच." आत डॉक्टर साखरेचं पाणी शिरेतून चढवत होता. बाहेर येऊन तो वैतागून म्हणाला, "उपास करायचा आणि शुगरच्या गोळ्या पण खायच्या? घरात कुणाला अक्कल नाही का?"

"तिला शुगर न्हाई, साहेब," भीमण्णा म्हणाले. "गुडघा दुखायलाय म्हणून गेल्ती."

त्यांनी खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढलं. ट्रस्टच्या दवाखान्याचं. वर निगानं छापलेलं नाव, गाव आणि रुग्ण क्रमांक. तो क्रमांक अंबिकेला पाठ होता, कारण मायच्या शुगरच्या गोळ्या महिन्याला तीच आणायची.

तिथंच तिला सगळं कळलं. पण कळलेलं खरं मानायचं नाही, आधी करून बघायचं, हा तिच्या कामाचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर जाऊन तिनं निगा उघडलं. एक नागूबाई मेत्रे घातली, मेहकर, एक जून अठ्ठेचाळीस, साखरेचा आजार. मग दुसरी नागूबाई मेत्रे घातली, मेहकर, एक जून अठ्ठेचाळीस, गुडघेदुखी. बटण दाबलं. यादीत एकच नागूबाई उरली. तिला साखर होती, तिचा गुडघाही दुखत होता आणि ती अगदी एकजीव दिसत होती.

खालच्या दुकानात कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होतं. अंबिका बराच वेळ त्या आवाजाकडं लक्ष देऊन बसली. मग उठली आणि दवाखान्यात गेली.

मोठीमायनं डोळे उघडले होते. पण तिला भीमण्णा ओळखू येत नव्हते. फार वेळ साखर उतरलेली राहिली, डॉक्टर म्हणाला, किती परत येईल सांगता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सारखी सांगत होती की शेळ्या बांधायच्या राहिल्यात.

तिथंच भीमण्णाकडून दुसरी बातमी कळली. ट्रस्टनं नरसिंगला घरी बसवलं होतं. चुकीच्या गोळ्या दिल्या म्हणून. शनिवारी बैठक, आणि बैठकीनंतर पोलिसात तक्रार. "आत टाकतेत म्हणं त्याला," भीमण्णा म्हणाले. "दोन लेकरं हाईत बिचाऱ्याला. पन त्यानं बी बगून द्यावं का न्हाई?"

अंबिकेच्या तोंडाशी आलं होतं. आलं आणि परत गेलं. तिनं आधी डब्लिनला फोन लावला.

धनराजनं ऐकून घेतलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज हुलसूरचा झाला होता; नाहीतर तो इंग्रजीतच बोलायचा.

"मोठीमाय बरी हाय का?"

"जित्ती हाय. बरी न्हाई."

"अरे देवा. दुरुस्त करतो मी. आज करतो. पन अंबिका, हे आत्ताच उघड्यावर लिवू नको. सोमवारी आवृत्ती जायलीय. मोठी संस्था पाठीमागं उभी राहायलीय, हे वाचलं तर पळून जातील. दुरुस्ती गुपचूप घालू, मग सावकाश सांगू."

"आन् नरसिंग?"

"त्याचं दवाखाना बगून घेईल की. गोळ्या त्यानंच दिल्या न्हवं हातानं?"

"शनवारी त्याला पोलिसात द्यायलेत, अण्णा. तू सावकाश सांगस्तवर तो आत."

"तू सांगितलंस तर दवाखाना निगा उचलून फेकून दील. तुझं नाव जाईल. एवढी वर्सं फुकट राबलीस, ते सगळं जाईल."

"व्हय," अंबिका म्हणाली.

"नमुनापुरात कसं सापडलं न्हाई गं हे?"

"नमुनापुरात कुनीच एक जूनला जन्मलं न्हाई, अण्णा. तुज्यासारखं बी न्हाई आन् माज्यासारखं बी न्हाई. मी पुसून टाकलं."

पलीकडं डब्लिनचा पाऊस की काय तो ऐकू येत होता. फोन कुणी ठेवला ते दोघांनाही नीट आठवलं नसतं.

ओपन सोर्सची एक रीत असते. चूक सापडली की ती खुल्या जागेत लिहायची, कुणालाही वाचता येईल अशी, आणि ती पुन्हा कशी घडवून बघायची तेही लिहायचं. अंबिकेनं अशा शेकडो चुका लिहिल्या होत्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. त्या दुपारी तिनं आपली लिहिली. काय घडलं या रकान्यात मोठीमायचं लिहिलं, नाव न घेता. चूक कशी घडवायची या रकान्यात लिहिलं: मेहकरात जन्मा. मुलगी व्हा. शाळेत जाऊ नका. मग तिला वाटलं की हे वाचून मनिलाचा मुलगा गोंधळेल, म्हणून खाली नीट पायऱ्या लिहिल्या. चाचणीतून का सुटलं या रकान्यात लिहिलं: चाचणीतलं गाव मी खोटं वसवलं, मला माझ्या गावाची लाज वाटली. शेवटी नवी आवृत्ती थांबवत आहे असं लिहून तिनं ते पाठवलं आणि शनिवारी मायला घेऊन भालकीच्या बसमध्ये बसली.

मायसोबत बसवंतप्पाची नागूबाईही आली. भावकीतलीच, तीही रझाकाराच्या सालची. तिला दाढ काढायची होती, आणि बसमध्ये सोबत होतेय म्हटल्यावर तिनं दाढ शनिवारपर्यंत थोपवून धरली होती.

बैठकीत हणमंतराव मध्ये आणि बाकीचे विश्वस्त दोन्ही बाजूंना. नरसिंग दाराशी उभा, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू मुलगी बघायला आलाय. अंबिकेनं सांगितलं ते हणमंतरावांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे बगा अंबिकाबाई, तुमी याला वाचवायलाव हे चांगलं हाय. पन मशीन चुकत न्हाई, मानूस चुकतो. हे मी म्हनत न्हाई, तुमीच म्हनलाव उद्घाटनाला, मला हार घालून."

"मग तुम्हीच बघा," अंबिका म्हणाली. "आमच्या या काकू आजपर्यंत या दवाखान्यात कधी आल्या नाहीत. त्यांना नोंदवा."

सगळी बैठक उठून नोंदणीच्या टेबलाशी गेली. टेबलावरच्या ज्योतीनं बसवंतप्पाच्या नागूबाईला नाव विचारलं, गाव विचारलं, जन्म विचारला. उत्तर आलं, ज्योतीनं एक जून टाकला, बटण दाबलं, आणि सवयीनं स्क्रीन बघून विचारलं, "शुगर कशी हाय आता?"

"मला कुठं शुगर?"

"हाय की. चार वर्सं झाली. इथं दिसायलीय."

"चार वर्सं? आन् मला कामून सांगितलं न्हाई कुनी?"

"गोळ्या चालू हाईत की तुमच्या."

"म्या तर एक बी खाल्ली न्हाई!" तिनं दाढ धरली आणि घाबरून मायकडं बघितलं. "नागूबाई, मी वाचते का गं आता?"

"ती माजी शुगर हाय," माय म्हणाली. "दे इकडं."

एक विश्वस्त हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये, आणि त्यानं ते हसू खोकल्यात बदलून घेतलं. हणमंतराव स्क्रीनकडं आणि दोन बायकांकडं आळीपाळीनं बघत होते. स्क्रीनच्या मते समोर एकच बाई उभी होती.

"म्हंजे भीमण्णाच्या बायकोला हिच्या गोळ्या गेल्या," ते हळूच म्हणाले.

"हो. गोळ्या नरसिंगनं दिल्या. त्या तिच्या आहेत असं त्याला माझ्या मशीननं सांगितलं. आणि मशीन बरोबर आहे असं मी सांगितलं."

दाराशी नरसिंगनं घसा साफ केला. "साहेब, मी बी विचारलं न्हाई. आधी विचारायचो, कुनाची नागूबाई. मग हे आलं आन् विचारायचं बंद केलं. बरं वाटायचं न विचारता." एवढं बोलून तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

हणमंतरावांनी तक्रारीचा कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला, त्यांना कागद फाडायची सवय नव्हती. नरसिंगला म्हणाले, "सोमवारी ये कामावर. तोंड घेऊन ये संगट, विचाराय." मग शिपायाला सांगून कॉम्प्युटरवर चादर टाकायला लावली. उद्घाटनाला जी नवीकोरी चादर मशीनवरून ओढून काढली होती तीच. अंबिकेकडं न बघता ते म्हणाले, "तुमी खरं बोल्लाव. पन हे पुना इथं नगं."

बाहेर माय म्हणाली, "गेलं का तुजं काम?"

"इथलं गेलं."

"बिनपगारी काम जातंय बी व्हय?" माय म्हणाली, आणि बराच वेळ तिनं अंबिकेचा हात सोडला नाही.

निगाची आवृत्ती सोमवारी गेली नाही. पाठीमागं उभी राहायला निघालेली संस्था परत खाली बसली. खुल्या जागेत अंबिकेच्या चुकीखाली लोक लिहू लागले. एकानं कळवलं, आमच्याकडं सगळे एक जानेवारीचे आहेत. दुसऱ्यानं लिहिलं, आमच्या डोंगरात सगळे एक जुलैला जन्मतात, आम्हीही लाजून गप्प होतो. नैरोबीच्या बाईंनी लिहिलं, मी जन्मभर शहरात राहिले, माफ करा. धनराज मात्र गप्प होता. पोळा होऊन गेल्यावर त्याची दुरुस्ती आली. आपोआप एक करायची सोय त्यानं काढून टाकली होती आणि नोंदणीत एक नवा रकाना घातला होता. तो भरल्याशिवाय निगा पुढंच सरकत नसे. रकान्याला त्यानं नाव दिलं होतं, 'कुणाची, कुणाचा'. खाली अंबिकेपुरती एक ओळ होती: आईला विचारलं, मी सुगीत झालो म्हणे, तारीख तिलाही ठाऊक नाही, पण केक बंद करून टाकला.

आता तिकडं कुठल्याकुठल्या देशांत, कोट घातलेली माणसं दवाखान्यात जात होती आणि टेबलावरची मुलगी त्यांना गंभीरपणे विचारत होती, तुम्ही कुणाचे? म्हणे काहीजण फार वेळ विचार करायचे.

नमुनापूर अंबिकेनं पुन्हा वसवलं. या खेपेला मेहकर होतं तसं. ते पूर्ण झालं त्या रविवारी ती गावी गेली. भीमण्णांना तिनं सगळं आधीच सांगितलं होतं. ती उठून जाताना ते एवढंच म्हणाले होते, येत जा. ते क्षमा म्हणून होतं की शिक्षा म्हणून, हे तिनं विचारलं नव्हतं.

मोठीमाय अंगणात बाजेवर बसली होती. पुढ्यात ज्वारी पसरलेली. हात निवडत होते, त्यांना सगळं आठवत होतं. अंबिका समोर बसली. सांगायचं ते तिनं बसमध्ये ठरवून आणलं होतं, पण ज्याला कालचं आठवत नाही त्याला आपली चूक कुठून सांगायला सुरुवात करायची, हे तिला कळेना. तीही ज्वारी निवडू लागली.

मोठीमायनं मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"तू कुनाची गं?"

"नागूबाईची."

मोठीमायनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"नागूबाई तर मी हाय."

अंबिका मान खाली घालून ज्वारी निवडत राहिली.

"मग लांब कामून बसलीस," मोठीमाय म्हणाली. "ये, डोस्कं बगू."